तिसऱ्या पाण्याचा चहा

एका राज्यात असं झालं, की राजानं पाहुण्याच्या चहाला नावं ठेवली आणि ते निस्तरणं राणीच्या गळ्यात पडलं.

पाहुणा म्हणजे चीन देशीचा मांत्रिक. धुक्याच्या डोंगरावरून तो चहाची पानं घेऊन आला होता, मिरीएवढी घट्ट वळलेली, आणि त्यांचा एक पेला त्यानं आपल्या हातानं राजाला करून दिला. राजा हेमकंठ एक घोट घेऊन म्हणाला, हे तर भांडं विसळलेलं पाणी आहे. मांत्रिकानं शांतपणे पेला उचलला. "राजा, आजपासून तुझ्या जिभेवर जे पडेल त्याची माती होईल," एवढं बोलून तो धूर होऊन गवाक्षातून निघून गेला. मागे राहिली चहाची डबी आणि त्याची बोलकी साळुंकी.

राजाच्या तोंडी आमरसाची माती झाली, पुरणपोळीची माती झाली. त्यानं अन्न सोडलं. दंडातले बाजूबंद गळून पडू लागले, तेव्हा राजवैद्यांनी राणी पद्मलेखेला बाजूला घेऊन सांगितलं, की महाराज आता फार दिवस काढणार नाहीत. राणीचं नवऱ्यावर प्रेम होतं. पण त्या घटकेला राग प्रेमाहून जास्त होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पाहुण्यासमोर दोन शब्द बरे बोलायला या माणसाचं काय जात होतं?

उतारा साळुंकीनं सांगितला. "त्याच पानांना तीनदा पाणी. पहिलं पानांना जागं करतं, दुसरं उलगडतं, तिसऱ्यात शाप विरतो. पानं विस्तवावर चढवू नकोस. दुसरं काही घालू नकोस." डबीत तीन वेळेपुरतीच पानं होती.

राणीनं मुदपाकखान्यातल्या गुणाजी आचाऱ्याला हे सगळं बजावलं. गुणाजीनं मान डोलावली, पानं पातेल्यात टाकली आणि काळी होईपर्यंत उकळली. वर म्हशीचं दूध आणि ठेचलेलं आलं. राणीनं जाब विचारला, तर म्हणे आजारी माणसाला नुसतं पाणी द्यायला जीव होईना.

दुसऱ्या खेपेला राणी स्वतः बसली. पानांवर गरम पाणी ओतलं, पहिला पेला राजाला पाजला. "माती," राजा म्हणाला. राणी दुसरं पाणी आणायला वळली, तेवढ्यात राजाच्या आत्यासाहेब आत आल्या. पसारा दिसला की त्यांच्या हातांना चैन नसे. त्यांनी भांड्यातला चोथा गुलाबाच्या मुळाशी टाकला आणि भांडं राखेनं घासून पालथं घातलं.

"सूनबाई, चोथा असा उघडा ठेवू नये, माशा बसतात," त्यांनी वर ऐकवलं.

गुलाबाला त्याच क्षणी सोन्याचं फूल आलं. राणीला ते कुस्करून टाकावंसं वाटलं.

तिसऱ्यांदा तिनं दाराला अडसर घातला. बाहेरून गुणाजी विचारत होता, निदान चिमूटभर सुंठ तरी? राणीनं पानांवर पाणी ओतलं. पहिल्या पाण्याला राजा म्हणाला, "माती." दुसऱ्याला म्हणाला, "ओली माती," आणि उरलेलं उद्या बघू म्हणत त्यानं कूस बदलली. तेव्हा मात्र राणीचा धीर सुटला.

"महाराज, उठून बसा. तुम्ही गेलात तर मला रडावं लागेल, आणि रडायला माझ्यात त्राण उरलेलं नाही."

राजा उठून बसला. त्याच्याशी आजवर असं कोणी बोललं नव्हतं.

तिसऱ्या पाण्यात पानं पुरती उलगडली, भांडंभर झाली. दालनात बकुळीचा वास सुटला. राजानं पेला तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू आहे."

राणीनं झारी खाली ठेवली. राजानं आणखी एक घोट घेतला.

"आता घशात गोड लागतंय," तो हळूच म्हणाला. "काय घातलंस यात?"

"काही नाही. तो पाहुणा तुम्हांला हेच देत होता."

साळुंकी गवाक्षातून डोंगराकडे उडाली. राजानं आतूनच हाक मारून तूपभात मागितला, आणि थंड पडलेल्या चुली पुन्हा पेटल्या. बाहेर जयजयकार झाला, पण राणीनं अडसर काढला नाही. एवढ्या सगळ्या रामायणात तिच्या ओठाला एक थेंब लागला नव्हता. तिनं त्याच पानांवर चौथं पाणी ओतलं. राजानं हात पुढे केला.

"हा माझा आहे, महाराज," राणी म्हणाली, आणि पेला घेऊन खिडकीशी जाऊन बसली.

त्या राणीला जसा एक पेला निवांत मिळाला, तसा तुम्हांआम्हांलाही मिळो.