हरलेल्यांचा पाट

प्राण्यांच्या त्या राज्यात कुणाचं कुणाशी वैर नव्हतं, तरी दरवर्षी सुगी आटोपली की सगळे माळावरच्या रिंगणात जमत आणि एकमेकांना यथेच्छ लोळवत. समोरच्याला लोळवलं किंवा त्याच्या कपाळाला पंजा लावला की गुण, आणि पहिला गुण घेईल तो जिंकला, इतका साधा हिशेब. मात्र जिंकणाऱ्याने ज्या डावाने बाजी मारली तो डाव हरलेल्याला तिथल्या तिथे शिकवायचा, अशी जुनी रीत होती. त्यासाठी रिंगणाशेजारी एक दगडी पाट मांडलेला असे. हरलेला पाटावर बसे आणि जिंकलेला समोर उभा राहून डाव दाखवी. आणखी एक नियम होता, तो जरा कडक. सलग तीन वर्षं ज्याला एकही गुण मिळाला नाही, त्याने कुंपणापलीकडे जायचं आणि जन्मभर टाळ्या वाजवायच्या.

पाटावर बसणं कुणालाच नको असे. जोडीदार ज्याचा त्याने निवडायचा असल्यामुळे शहाणी मंडळी आपल्यापेक्षा लेचापेचा गडी हेरून ठेवत आणि त्याला लोळवून छाती फुगवत घरी जात.

झिपरी नावाच्या खारीचं हे तिसरं वर्ष होतं. दोन वर्षांत तिने उंदरापासून सरड्यापर्यंत सगळ्यांचा मार खाल्ला होता. कुंपणापलीकडच्यांनी तिच्यासाठी प्रेमाने जागासुद्धा झाडून ठेवली होती. ती जागा दिसली की झिपरी तोंड फिरवून घेई, कारण तिचा सगळा जीव त्या रिंगणात होता.

"अगं, यंदा तरी एखादा मरतुकडा बेडूक गाठ," पंच असलेली टिटवी कळवळून म्हणाली.

"बेडकाकडूनही मी हरतेच की, मावशी. हरायचंच आहे, तर चांगल्याकडून तरी हरू."

पहिल्या दिवशी तिने मुंगसाला आव्हान दिलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती उताणी पडली. मग मुंगसाने मिशा साफ करत तिला शिकवलं, की घाव आला तर मागे पळायचं नाही, अर्धं पाऊल बाजूला सरकायचं. दुसऱ्या दिवशी रानकोंबड्याने तिला तीन कोलांट्या खायला लावल्या आणि तुरा डोलवत सांगितलं, की श्वास सोडता सोडता उडी घ्यावी, म्हणजे अंग हलकं होतं. झिपरी घरी जाऊन दोन्ही डाव घोटत बसली. पाय दुखत होते, पण मजा येत होती.

शेवटच्या दिवशी तिने खडकाई घोरपडीला आव्हान दिलं, तेव्हा सगळा माळ हसला. खडकाई अकरा वर्षं हरली नव्हती. तिचा डाव एकच, शेपटीचा फटका. तो तिने पाटावरच्या शेकडोंना शिकवला होता, पण तिच्यासारखा कुणाला जमला नव्हता.

दोघी समोरासमोर वाकल्या. झिपरीला भीती वाटत होती, आणि ती लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. फटका आला. ती अर्धं पाऊल सरकली. शेपूट मातीवर आपटली, धुरळा उठला. झिपरीने श्वास सोडला, उडाली आणि खडकाईच्या कपाळावर पंजा टेकवून खाली आली.

टिटवी गुण पुकारायचंच विसरली. कुंपणापलीकडची मंडळी टाळ्या विसरली. आता ही म्हातारी घोरपड काय करते, म्हणून सगळे माना उंचावून बघू लागले.

खडकाई हळूहळू पाटाकडे गेली आणि बसली. शेपूट कुठे ठेवायची ते तिला कळेना. डावीकडे ठेवून पाहिली, उजवीकडे ठेवून पाहिली, शेवटी मांडीवरच घेतली.

"दाखव," ती म्हणाली.

झिपरीने डाव दाखवला.

"जरा सावकाश गं. परत एकदा."

झिपरीने परत दाखवला, मग आणखी चारदा. उन्हं कलली, टिटवी रिंगण झाडू लागली, तरी खडकाई पाटावरून हलेना. नीट दिसावं म्हणून ती थोडी पुढे सरकून बसली. मागे पाटावर जी जागा झाली, तिथे डाव बघायला मुंगूस हळूच येऊन टेकला.