दोन्ही वाटांची गाडी

फार मागची म्हणा, नाहीतर कालपरवाची म्हणा. लहानांनी पुढे सरकून बसावं आणि मोठ्यांनी मागून कान द्यावा, अशी ही एका माणसाची आणि त्याच्या गाडीची गोष्ट आहे.

एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावापर्यंत सडक यायची आणि तिथेच संपायची. पुढे वर माळावर वस्त्या होत्या. तिकडे जायला नुसती दगडगोट्यांची पायवाट. त्या गावात तुळाजी नावाचा माणूस राहायचा. वरच्या वस्त्यांना मीठ, तेल, औषधं पोचवायची हा त्याचा धंदा, आणि ओझं वाहायला एक तट्टू.

तुळाजी मनाचा चांगला, पण त्याला एका जागी बसवत नसे. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो मान हलवून उठलेला असायचा. तट्टू वाटेत गवताला तोंड लावायचं, तेवढ्यानेही त्याचा जीव वरखाली व्हायचा. वस्तीवर पोचला की त्याला घराची ओढ लागायची, घरी आला की वस्तीची.

"अहो, जरा टेका तरी," त्याची बायको हौसा म्हणायची.

"हे तट्टू आहे तोवर टेकणं कुठलं?" तो म्हणायचा. त्याला खरंच वाटायचं, की वेगाचं वाहन हाती आलं की जिवाची ही तगमग थांबेल.

एकदा तो शहराच्या बाजारात गेला. तिथे मोटारसायकलींच्या एका दुकानात मोठमोठ्या दिमाखदार गाड्या ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या किमती ऐकूनच तो मागे सरला. पण कोपऱ्यात एक उंच, सडपातळ गाडी होती. जाड खाचांचे टायर, चाकापासून वर उचललेलं मडगार्ड. सडकेवर पळेल आणि दगडधोंड्यांतूनही चढेल, अशी दोन्ही वाटांची. तिची किंमत ऐकून तुळाजीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"एवढी स्वस्त? खोट आहे का काही?"

दुकानदार म्हातारा होता आणि सरळ होता. "खोट नाही, बाबा. चीन देशातून खोक्यात बंद होऊन आली आहे. इंजिन दणकट आहे. पण शेवटचा हात फिरवायचं काम घेणाऱ्यावर सोडलंय, म्हणून किंमत कमी. घरी नेलीस की एक दिवस तिच्यापाशी बस. एकेक नट पान्याने आवळ. ऑइल बदल, चेन बघ. नवी गाडी थरथरते, थरथरून नट सैल होतात. म्हणून थोडी चालवलीस की परत बस, परत आवळ. एवढं केलंस तर..."

तर काय, ते तुळाजीने ऐकलंच नाही. तट्टू आणि साठवलेली पुंजी देऊन त्याने गाडी घेतली आणि किक मारली. म्हातारा धावत मागे आला आणि पान्यांचं गाठोडं त्याच्या पिशवीत कोंबून गेला.

गाडी खरोखरच गुणी निघाली. सडकेवर सरळ पळायची, पायवाटेवर बकरीसारखी चढायची. तट्टाला जिथे अर्धा दिवस लागायचा तिथे तुळाजी न्याहारीच्या वेळेलाच पोचू लागला. मग उरलेल्या दिवसाचं करायचं काय? तो पलीकडच्या डोंगरावर जायचा, तिथून आणखी पलीकडच्या. तगमग होती तेवढीच राहिली, फक्त आता ती लांबवर हिंडू लागली.

"अहो, गाडीतून कसला खुळखुळ आवाज येतो?" एक दिवस हौसाने विचारलं.

"नवी आहे. बोलते."

"दुकानदाराने काही सांगितलं असेल ना?"

"सांगितलं की! बसायला सांगितलं!" तुळाजी हसला आणि निघालाही. पुढे एकदा आरसा गळून पडला, तो त्याने सुतळीने बांधला. बाकीचं उद्या बघू म्हणाला. पान्यांचं गाठोडं कोनाड्यात पडलं होतं, त्याची गाठसुद्धा सुटली नव्हती.

माळावरच्या एका वस्तीत त्याची धाकटी बहीण सगुणा दिली होती. तिचे दिवस भरत आले होते. वस्तीची रीत अशी, की पायथ्याच्या गावातल्या सुईणीला आधीच वर आणून ठेवायचं. सगुणाची सासू तिला बोलावणं धाडणार, तेवढ्यात तुळाजी तिथे पोचला.

"म्हातारीला कशाला अडकवून ठेवता?" तो म्हणाला. "कळा सुरू झाल्या की निरोप धाडा. मी गाडीवरून घेऊन येतो."

सासू घुटमळली. सगुणाने विचारलं, "नक्की ना, दादा?"

"अगं, नक्की म्हणजे काय! गाडीचा आवाज कानी पडला की समज, मी आलोच."

बहिणीने भावावर विश्वास ठेवला.

मग एका सकाळी सगुणाचा नवरा डोंगर उतरून धापा टाकत तुळाजीच्या दारात आला. तुळाजीने सुईणीला मागे बसवलं आणि गाडी सोडली. सडक संपली, चढ लागला. खुळखुळ वाढली. तुळाजीने ती ऐकली आणि अ‍ॅक्सिलरेटर आणखी जोरात पिळला. अर्ध्या चढावर मागचं चाक एकदम तिरकं झालं, चेन उतरून कचकन अडकली, आणि दोघंही वाटेकडेच्या गवतात कलंडली.

सुईणीचं कोपर सोलवटलं होतं. तुळाजीला काही लागलं नव्हतं. मागच्या चाकाचा नट कुठेतरी गळून पडला होता. तो शोधायला तुळाजी खाली धावला, परत वर आला, पुन्हा खाली गेला. गवत विसकटलं, दगड उलथवले. अडकलेली चेन नुसत्या हाताने ओढली, बोटं रक्ताळली. चेन हलेना.

"तुळाजी," सुईण उठत म्हणाली, "तू शोधत बसशील, पण पोटातलं लेकरू थांबत नसतं. मी आपली चालते."

"मावशी, मी पाठीवर घेतो तुम्हाला!"

"या चढावर? दोघंही दरीत जाऊ. माझी पिशवी धर आणि चल."

तो चालू लागला. म्हातारी दर वळणावर थांबायची, गुडघ्यावर हात ठेवायची, श्वास घ्यायची, मग पुढचं पाऊल टाकायची. तुळाजी पुढे जाऊन परत मागे यायचा. एकट्याने पुढे पळून उपयोग नव्हता, आणि मागे थांबवत नव्हतं. वस्ती वर दिसत होती आणि जवळ येत नव्हती. जन्मभर त्याने घाई केली होती. त्या दिवशी तिचा काडीइतकाही उपयोग झाला नाही.

दोघं पोचली तेव्हा दुपार कलली होती. वस्तीतल्या बायकांनी जमेल तसं बाळंतपण केलं होतं. मुलगी जन्मली होती, रडत होती. पण सगुणाचं रक्त थांबत नव्हतं. सुईण आत गेली ती दिवस मावळायला बाहेर आली.

"जगेल," ती म्हणाली. "पण फार गेलंय अंगातलं. लवकर उठायची नाही."

तुळाजी आत जाऊन बहिणीच्या उशाशी उभा राहिला. तिने डोळे उघडले. आवाज जेमतेम निघत होता.

"दादा, सकाळपासून कान लावून होते रे. भुंगा गुणगुणला तरी वाटायचं, तुझीच गाडी आली."

तिने तक्रार केली नव्हती. तुळाजी मात्र तिथेच खाली बसला, आणि त्याला उठता येईना.

सगुणा पुढे कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहिली. तिची लेक शेळीच्या दुधावर वाढली. तुळाजीने गाडी नीट करून आणली आणि ती पुन्हा पळू लागली. पण वस्तीवर दुसऱ्या एका सुनेचे दिवस भरले, तेव्हा सुईणीला न्यायला माणूस पायीच खाली आला. तो तुळाजीच्या दारावरून गेला. गाडी अंगणात होती, तुळाजी दारात. माणसाने राम राम केला आणि तो पुढे गेला. परतताना सुईणीला हाताला धरून तो त्याच दारावरून डोंगराकडे वळला.

त्या दिवशी तुळाजीने गाठोड्याची गाठ सोडली. तो गाडीपाशी बसला. मन उठून पळायचं, तो त्याला ओढून परत आणायचा आणि पुढच्या नटाला पाना लावायचा. पहिले काही दिवस हे काम त्याला शिक्षेसारखं वाटलं. पुढे पुढे कोणता नट किती दिवसांनी सैल होतो हे त्याचे हातच ओळखू लागले, आणि आवळत असताना आपण घाईत नाही हे त्याच्या ध्यानातही येईनासं झालं.

बरेच दिवस गेले. एका दुपारी वस्तीवरचा एक जण दारात आला. त्याच्या बापाला साप चावला होता, वैद्याला वर न्यायचं होतं.

"तुळाजीदादा," तो चाचरत म्हणाला, "गाडी... जाईल का वरपर्यंत?"

तुळाजी लगेच हो म्हणाला नाही. त्याने आधी मागच्या चाकाला हात लावला, नट तपासला, चेन दाबून पाहिली. मग मान वर केली.

"सकाळीच सगळं आवळलंय. जाईल. वैद्यबुवांना हाक मार."

गाडी निघाली, सडक सोडून पायवाटेला लागली आणि कुठेही न अडता वर पोचली. म्हातारा वाचला.

म्हणून लक्षात ठेवा: स्वस्तात मिळालेल्या वस्तूची उरलेली किंमत निगा राखून भरायची असते, आपण ती टाळली, तर ती आपल्यावर विसंबलेल्या माणसाला भरावी लागते.