खेमा पाटकऱ्यानं मोडलेला शब्द

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका; माझा आजा म्हणायचा, त्याच्या आज्यालाही ते ठाऊक नव्हतं. तेव्हा आमच्या आंबरवाडीत खेमा नावाचा पाटकरी होता. ओढ्याला बांध घालून पाट काढलेला, आणि त्या पाटाचं पाणी कुणाच्या वाफ्यात किती सोडायचं ते खेमा बघायचा.

त्याचं माप म्हणजे तांब्याची एक वाटी. वाटीच्या बुडाला बारीक भोक. घंगाळातल्या पाण्यावर ती सोडायची, भरून बुडाली की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू. पाटील असो की फाटका माणूस, खेमाची वाटी सगळ्यांना सारखी. एकदा सख्ख्या बहिणीचं शेत अर्धंच भिजलं होतं, तरी वाटी बुडताच त्यानं तिच्या पाटाचं दार मातीनं बांधलं, असं म्हणतात. पाटकऱ्यानं कुणाला कमीजास्त पाणी दिलं तर त्यानं गाव सोडायचं, हा नियमसुद्धा त्याचाच. कुणी सांगितलं नव्हतं. पण माणसाला आपल्या चांगलेपणाचीही नशा चढते.

त्याच गावात राणोजी माळी होता. चैत्रात भैरोबाला चढतो तो हार त्याच्या मळ्यातला, दवणा आणि मरवा एकत्र गुंफलेला. तो हार चढल्याशिवाय पालखी जागची हलत नसे. राणोजीचा शेवट जवळ आला तेव्हा त्यानं खेमाचा हात धरला. म्हणाला, "माझ्या दोन्ही पोरांना सारखं पाणी दे. शब्द दे मला." खेमानं शब्द दिला आणि राणोजीनं डोळे मिटले.

थोरल्या सटवाजीच्या वाट्याला दवण्याचे वाफे आले, धाकट्या बयाजीच्या वाट्याला मरव्याचे.

आता तुम्ही म्हणाल, दोन्ही वासाचीच झाडं, एकाच हारातली, त्यात काय एवढं? असं म्हणणाऱ्यानं कधी वाफा केलेला नसतो. दवणा बियांचा. तो थंडीत पेरतात. त्याला हलकी, वाळूसर माती लागते आणि अंगावर ऊन लागतं. पिवळी बारीक फुलं धरू लागली की त्याला पाणी नकोसं होतं. हात आखडला तरच वास भरतो. मरव्याची काडी लावायची, मुळाशी शेणखत घालायचं, दुपारची सावली करायची आणि माती कधी सुकू द्यायची नाही. त्याची पांढरी फुलं खुडाल तितका तो फुटतो, पण पाणी चुकलं की मान टाकतो.

खेमा दोघांना एकेक वाटी पाणी देत राहिला. फाल्गुनात दवण्याची मुळं काळी पडली आणि मरव्याची पानं चुरगळली. सगळ्या गावाला दिसत होतं. सटवाजीनं आपलं अर्धं पाणी भावाकडे वळवलं असतं तर दोघांचं भलं झालं असतं. पण हक्काचं पाणी कोण सोडतो?

"कुजलं तर कुजू दे," सटवाजी म्हणायचा. "माझं पाणी त्याला कशापायी?"

बयाजीही काही कमी नव्हता. मरवा वाळला तरी चालेल, भावापुढं हात पसरणार नाही म्हणायचा. दोघं घंगाळाच्या दोन बाजूंना बसून वाटीवर डोळे लावायचे. पालखीला वीस दिवस उरले होते.

तेव्हा त्यांची आई येसाई खेमाकडे आली.

"भावजी," ती म्हणाली, "सटवा लहानपणी चार भाकरी खायचा. बयाला दोन घास जास्ती झालं की पोट दुखायचं. मी दोघांच्या ताटात सारखं वाढलं असतं तर काय झालं असतं?"

"वैनी, मी शब्द दिलाय."

"मेलेल्याला दिलाय. ही झाडं जित्ती हाईत."

 खेमा उठला आणि दोन्ही मळ्यांमधल्या बांधावर जाऊन बसला. तीन दिवस अन्नपाण्यावाचून बसला. तिसऱ्या दिवशी झाडं त्याच्याशी बोलली, असं म्हणतात. काय बोलली ते कुणी सांगत नाही. माझं मत विचाराल तर ती पहिल्यापासून बोलतच होती. हा वाटीकडे बघत बसला होता.

चौथ्या दिवशी सकाळी पाळी आली. खेमानं वाटी सोडलीच नाही. दवण्याच्या पाटाच्या तोंडाशी तो स्वतः आडवा झाला. सगळं पाणी मरव्याकडे वळलं.

सटवाजी फावडं उगारून धावला. "खेमाकाका, माझ्या बापाला दिलेला शब्द मोडताय!"

"मोडतोय, बाबा. तुझ्या बापाला वर गेल्यावर जाब देईन. तू मागं सर."

एकामागून एक पाच पाळ्या तो तसाच आडवा झाला. पाणी त्याच्या अंगाला येऊन वळायचं, पण त्याचं धोतर भिजलं नाही, असं म्हणतात. पाचव्या पाळीला वारा फिरला आणि दवण्याचा वास आला. आधी बांधावर आला, मग देवळात, मग ओढ्यापल्याडच्या गावात. सटवाजीनं फावडं खाली टाकलं, खेमापाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "उठा काका. माझं दार मीच बांधतो." पलीकडून बयाजी आला. त्यानं आणि भावानं मिळून ते दार मातीनं बंद केलं.

त्या वर्षी हार इतका दाट झाला की तो उचलायला चार माणसं लागली. पालखी निघाली आणि लोक खेमाला मानाचा नारळ द्यायला गेले, तर घराला कडी. तो शिवेवर सापडला, खांद्यावर घोंगडी टाकून निघालेला.

पाटील म्हणाला, "खेमा, तुझं काय बी चुकलं न्हाई. माघारी फिर."

"चुकलं न्हाई, पण नियम मोडला का न्हाई? मी बऱ्यासाठी मोडला. मी फुकट सुटलो तर उद्याचा पाटकरी कशासाठी मोडंल, सांगा!"

 येसाई त्याच्या पाया पडली. तो पाटाच्या कडेकडेनं डोंगराकडे चालत गेला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. जिथं त्याचं उजवं पाऊल पडलं तिथं दवणा उगवला, जिथं डावं पडलं तिथं मरवा, असं म्हणतात. मला वाईट एवढंच वाटतं, की एवढा शहाणा झालेला माणूस गावाला वापरायला मिळाला नाही.

पण गाव त्याला विसरलं नाही. आजही आंबरवाडीत भावाभावांची वाटणी व्हायची असली की दोघांना त्या बांधावर नेतात आणि खेमाबाबाचं नाव घेतात. मग प्रत्येकानं आधी दुसऱ्याला काय लागतं ते सांगायचं. स्वतःचं नंतर. सांगता आलं नाही तर त्या दिवशी वाटणी होत नाही, सगळे घरी जातात.

माझ्या चुलत्यांची वाटणी अशी अकरा वर्षं अडली होती. बाराव्या वर्षी दोघं बांधावर उभे राहिले. धाकट्यानं थोरल्याच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "दादाचं गुडघं गेलंत. घराजवळची विहीर त्याला लागंल."