झोपाळ्याच्या कड्या

फार जुनी गोष्ट, सुताराची हत्यारं बोलायची तेव्हाची. केरबा सुताराकडे घासकामाचे, विजेवर चालणारे दोन सँडर होते, सख्खे भाऊच. थोरला लोखंड घासायचा, धाकटा लाकूड.

एकदा झोपाळ्याच्या गंजलेल्या कड्या घासायला आल्या. थोरल्याची मोटर आधीच जळायला आली होती.

“दादा, तू गप पडून राहा. मी घासतो!” धाकटा उसळला.

“येड्या, तुझ्या पोटात लाकडाचा भुसा भरलाय. लोखंडाची एक ठिणगी उडाली, तर होळी होईल तुझी.”

थोरला स्वतःच कड्यांना भिडला. कड्या लखलखल्या आणि त्याची मोटर कायमची थांबली.

धाकट्याने रडत रडत झोपाळ्याची फळी घासली, अगदी लोण्यासारखी. लोक फळीवरून हात फिरवून वाहवा करायचे, तेव्हा तो म्हणायचा, “फळीचं काय घेऊन बसलात? कड्या बघा. माझ्या दादाने घासल्यात.”