कर्नलसाहेबांचं पान

शालनताई सामंतांच्या खानावळीतच त्यांच्या लेकीच्या साखरपुड्याची पंगत बसली होती. नवरदेवाचे मामा, कर्नल धुरंधर, बोर्दोची व्हाइट वाइन घेऊन आले होते.

“दोन प्रकारची द्राक्षं मिसळून केलीय ही,” ते म्हणाले. “तुमचं मालवणी जेवण हिच्याशी जुळायचं नाही. लग्नाला मुंबईचा शेफ बोलावू.”

शालनताई म्हणाल्या, “चालेल. पण आज जे जुळणार नाही ते पानात टाका. लग्नात मी तेवढंच वगळीन.”

कर्नलांनी वाइनच्या घोटाबरोबर शिंपल्यांसकट शिजवलेल्या तिसऱ्या चाखल्या, मग खात्री करायला पुन्हा मागून घेतल्या. तळलेल्या पापलेटाचीही तशीच दोनदा खात्री झाली.

जेवणं उरकल्यावर शालनताईंनी त्यांच्या पानात वाकून पाहिलं.

“बरं,” त्या म्हणाल्या, “मग लग्नाला शिंपल्या आणि काटे तेवढे वगळते.”