शालनताईंची गाडी थंड असताना

“मग काय मशीन खोटं बोलतंय, उस्ताद?”

सुयोग बाबरने स्कॅनरचा पडदा हैदरचाचांच्या डोळ्यांपुढे धरला. गाडीच्या पोटातलं सगळं त्या पडद्यावर दिसत होतं, आणि त्यात एकही दोष नव्हता.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून पडदा पाहिला. मग बाकावर पडलेली किल्ली पाहिली. ती ठेवून गेलेली बाई गॅरेजच्या फाटकाबाहेर एसटीची वाट बघत उभी होती.

“मशीन खरंच बोलतंय,” चाचा म्हणाले. “तू त्याला विचारलंस केव्हा?”

“आत्ता. गाडी आली तशी लगेच.”

“हं...”

सुयोगला हा ‘हं’ ओळखीचा होता आणि आवडत नव्हता. पुण्याच्या शोरूममध्ये चार वर्षं काढून तो वाईला परत आला होता. तीन वर्षांपासून चाचांच्या हाताखाली होता. चाचांच्या बोटांबद्दल त्याला आदर होता. पण मनातून त्याला वाटायचं, आता उस्तादांनी बोटांवर विसंबायचे दिवस गेले.

“त्या ताईंना काय सांगितलंस?”

“खरं तेच सांगितलं. गाडीत काही नाही. थंडीत इंजिन सुरुवातीला जरा जोरात फिरतंच. काकूंचा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर राहत असेल. म्हटलं, काकू, या वयात होतं असं.”

“मग त्या काय म्हणाल्या?”

“किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, या गाडीला गिऱ्हाईक बघा.”

चाचांनी बाकावरची किल्ली उचलली.

शालन भिलारे घाटाच्या वर राहायच्या. घरामागे स्ट्रॉबेरीचं रान होतं. नवऱ्याच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा साताऱ्याला डायलिसिस सुरू झालं, तेव्हा कुणाकुणाच्या विनवण्या करायच्या म्हणून त्या स्वतःच गाडी शिकल्या. बावन्नाव्या वर्षी. ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि दीड वर्ष घाट उतरल्या-चढल्या, पण गाडीला साधा ओरखडा नाही.

या हिवाळ्यात मात्र पहाटे गाडी सुरू करून गियर टाकला की ती एकदम पुढं उसळायची. पहिल्यांदा त्या घाबरल्या. दुसऱ्यांदा स्वतःवर चिडल्या. तिसऱ्यांदा गाडी कुंपणाच्या भिंतीवर गेली, आणि तेव्हा फाटक उघडायला गेलेले जगन्नाथराव भिंतीपासून हातभर अंतरावर उभे होते.

जगन्नाथराव हा प्रसंग हसत सांगायचे. शालनताई हसायच्या नाहीत. आज पुतण्यानं गाडी खाली आणून दिली होती. उद्यापासून साताऱ्याला कसं जायचं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

“सुयोग,” चाचा म्हणाले, “ताईंना हाक मार. त्यांना गाडीत बसव आणि वर सोडून ये. गाडी तिथंच राहू दे. अंगणात, उघड्यावर.”

“वर कशाला? इथंच ठेवू की रात्रभर. सकाळी पुन्हा बघू.”

“इथली थंडी म्हणजे काय थंडी आहे?”

“पण उस्ताद...”

“पहाटे सहाला मला घ्यायला ये. मोटरसायकलवर. आणि ते तुझं मशीन आणू नकोस.”

पहाटे दोघं घाट चढून गेले तेव्हा भिलाऱ्यांच्या अंगणात धुकं होतं. गाडीच्या काचेवर दव गोठून पांढरं झालं होतं. सुयोगच्या बोटांना मोटरसायकलचं हँडल सोडवेना.

शालनताई पायरीवर शाल लपेटून उभ्या होत्या. जगन्नाथराव कानटोपी घालून तयार बसले होते. त्यांचा आज जायचा दिवस होता.

चाचांनी बॉनेटवर तळहात ठेवला, बराच वेळ.

“ताई, बसा. सुरू करा,” ते म्हणाले.

“मी नाही बसायची, चाचा.” शालनताईंचा आवाज शांत होता. “माझ्या हातनं माणूस गेलं असतं त्या दिवशी. तुम्ही गाडी विका, नाहीतर भंगारात द्या.”

जगन्नाथराव म्हणाले, “अगं, मी आहे ना इथं! गेलो कुठं?”

त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

“बरं,” चाचा म्हणाले. “सुयोग, तू बस.”

सुयोग बसला.

“पाय बाहेर.”

“काय?”

“दोन्ही पाय दाराबाहेर. खाली, गवतात.”

सुयोगला वाटलं चाचा थट्टा करताहेत. पण चाचांचा चेहरा थट्टेचा नव्हता. त्यानं आडवं वळून पाय बाहेर काढले. ओल्या गवताचा गारवा चपलेतून थेट तळव्याला लागला. गियर पार्किंगलाच होता. त्यानं हात मागं नेऊन किल्ली फिरवली.

इंजिन ओरडलं.

इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा हजार ओलांडून गेला, दीड हजारही ओलांडला आणि बावीसशेवर जाऊन थरथरत थांबला. थंडीत जरा जोरात फिरणारं इंजिन सुयोगनं शेकडो वेळा ऐकलं होतं. हे ते नव्हतं. अशा वेळी गियर टाकला तर गाडी उसळणारच, मग चालवणारा कुणी का असेना.

शालनताई इंजिनाकडे बघतच नव्हत्या. त्या सुयोगच्या पायांकडे बघत होत्या.

सुयोगलाही आपले पाय दिसले. दोन्ही गवतात, पेडलपासून लांब. त्याचे कान तापले.

“बघत काय बसलास?” चाचा म्हणाले. “दोन-चार मिनिटांत इंजिन तापंल. मग पुन्हा शहाण्यासारखं वागंल.”

तेव्हा कुठं सुयोगच्या ध्यानात आलं. गाडी दर वेळी घाट उतरून गॅरेजात यायची. येईपर्यंत इंजिन कढत झालेलं असायचं. त्यानं या गाडीला थंड असं कधी पाहिलंच नव्हतं.

तो उडी मारून उतरला आणि बॉनेट उघडलं. आवाजानं काही सुचेना. चाचा शेजारी उभे होते, पण त्यांनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले होते आणि ते बाहेर काढायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

सुयोग वाकला. आणखी वाकला. डोळे मिटले.

ओरडण्याच्या खाली एक बारीक आवाज होता. कुणीतरी दातांतून हवा आत ओढावी तसा. तो कानानं त्याच्या मागं मागं गेला. एका रबरी पाईपच्या वळणाशी आवाज थांबला. रबर कडक झालं होतं आणि आतल्या बाजूला केसासारखी चीर होती. थंडीत आकसून ती उघडी पडायची, तिथून जादा हवा आत शिरायची. रबर तापून मऊ झालं की चीर आपोआप मिटायची.

त्यानं चिरेवर अंगठा दाबला.

इंजिन एकदम शांत झालं.

अंगठा उचलला. ओरडलं. पुन्हा दाबला. शांत.

“काकू,” त्यानं हाक मारली. “जरा इकडं येता?”

शालनताई आल्या. त्यानं त्यांचा अंगठा हळूच चिरेवर ठेवला आणि आपला काढून घेतला. त्यांच्या अंगठ्याखाली इंजिन एकसारखं, मंद चालू राहिलं.

“म्हणजे... माझा पाय...”

“तुमचा पाय नव्हता, काकू. मी न बघताच बोललो. चुकलं माझं.”

शालनताईंनी मान हलवली. अंगठा मात्र काढला नाही. डोळ्यांतलं पाणी त्यांनी दुसऱ्या हातानं पुसलं. मागून जगन्नाथराव म्हणाले, “अहो, तिला सोडा आता. चहा कोण टाकणार?” आणि यावेळी त्या खरोखर हसल्या.

चाचांच्या पिशवीत नाना जातीच्या पाईपांचे तुकडे, क्लिपा, सटरफटर बरंच काही होतं. इंजिन बंद करून सुयोगनं त्यातलाच एक तुकडा मापानं कापून बसवला. त्या थंडीत इंजिन तोवर पुन्हा गार पडलं होतं. यावेळी किल्ली शालनताईंनी फिरवली. काटा थोडा वर गेला, जितका थंडीत जायला हवा तितकाच, आणि सावकाश खाली उतरू लागला.

जगन्नाथराव फाटक उघडायला निघाले.

“तुम्ही गाडीत बसा,” शालनताई म्हणाल्या. “फाटक सुयोग उघडतील.”

सुयोगनं फाटक उघडलं. शालनताईंनी गियर टाकला. गाडी त्याच्या अंगावरून वाऱ्यासारखी न जाता, चालत जाणाऱ्या माणसाच्या बेतानं बाहेर पडली आणि साताऱ्याच्या दिशेनं धुक्यात वळली.

दोघं तिथंच उभे राहिले. बराच वेळ इंजिनाचा आवाज येत होता...

“उस्ताद, एक विचारू?”

“विचार.”

“पाईपच असणार, हे तुम्हाला काल खालीच कळलं होतं ना?”

“छे रे,” हैदरचाचा म्हणाले. “कळलं असतं तर वर कशाला आलो असतो?”