दोन टोपल्या आणि एक फांदी

फार जुनी गोष्ट. नद्या तेव्हा नुकत्याच वळायला शिकल्या होत्या. अशाच एका नदीच्या अलीकडच्या काठावर एक खार राहायची. तिचं माहेर पलीकडच्या काठावर. संध्याकाळी वारा तिकडून वाहू लागला, की मोहाच्या फुलांचा वास यायचा आणि तोंडाशी नेलेली चारोळी तिच्या हातातच राहायची.

नदी पार करून द्यायला एक म्हातारं कासव होतं. भाडं मूठभर चारोळ्या.

"येतेस का गं पोरी?" ते दरवर्षी विचारायचं.

"यायचंय हो, कासवमामा. पण रिकाम्या हाती कशी जाऊ? पोतंभर नेईन, म्हणजे भावजया नाक मुरडणार नाहीत."

त्याच काठावर उंबराच्या झाडावर एक धनेश पक्षी होता. चोच एवढी मोठी, की तो बोलायच्या आधीच ऐकणाऱ्याला पटायचं. त्यानं एका टोपलीत सुकी फळं साठवली, दुसरीत रसाळ कंद. ओल्या वर्षी सगळ्यांचं सगळं कुजायचं, तेव्हा सुकी फळं महाग. कोरड्या वर्षी घसे सुकायचे, तेव्हा कंद महाग.

"पाऊस पडो, न पडो, आपण वरच!" धनेश म्हणायचा. "माझ्याकडे एक मूठ ठेवा, वर्षानं दोन न्या."

सशांनी ठेवली, साळिंदरांनी ठेवली, खारीनंही ठेवली. अस्वलानं मध आणून दिला, आणि अस्वल मध देतं म्हणजे बघा! तेवढ्यानं भागेना, म्हणून धनेशानं डोंगरावरच्या माकडांकडून उसनं आणलं. टोपल्या म्हशीएवढ्या झाल्या. दोन्ही एकाच फांदीला टांगलेल्या, कारण ती फांदी ढोलीसमोर होती. बसल्या जागेवरून दोन्हींवर नजर ठेवता यायची.

ढोलीत त्याची बायको अंड्यांवर बसलेली, दार चिखलानं लिंपलेलं. फटीतून ती म्हणाली, "अहो, फांदी कुरकुरतेय."

"तुला आत बसून काय दिसणार?"

"दिसत नाही, ऐकू येतं. झाडाच्या पोटात बसलेय मी."

धनेश हसला आणि तिच्या तोंडात एक उंबर कोंबलं.

खारीच्या एका मुठीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. पोतं केव्हाच भरलं असतं. पण दरवर्षी तिला वाटायचं, एवढंच एक वर्ष आणखी. मग एक दिवस खंड्या पक्षी पलीकडून निरोप घेऊन आला : आई थकलीय, लवकर ये.

खारीनं कासवाला उंबराखाली पाण्यात थांबायला सांगितलं आणि भाड्याची मूठ घेऊन ती झाडावर चढली.

"आज नेतेस?" धनेश म्हणाला. "येत्या पौर्णिमेला दुप्पट झालं असतं. तुझी मर्जी."

खारीनं पलीकडे पाहिलं. टोपलीकडे पाहिलं. आणि हातातली भाड्याची मूठही टोपलीत टाकली.

कड्‌कन आवाज झाला. वारा नव्हता, पाऊस नव्हता, ऊनही बेताचंच. फांदी दोन्ही टोपल्यांसकट नदीत कोसळली. अशी लाट उठली, की ती कासवाला थेट समुद्रात घेऊन गेली. खोटं वाटत असेल तर कासवालाच विचारा. ते अजून परत पोहत येतंय.

सारं रान काठावर जमलं. अस्वल तर रडलंच. धनेश मान खाली घालून म्हणाला, "पावसाचा विचार केला, उन्हाचा केला. फांदीचा राहिला."

"मी सांगत होते," ढोलीतून आवाज आला.

खार मात्र पाण्याकडे बघत राहिली. चार दिवसांनी खंड्या पुन्हा आला. "तुझी आई म्हणते, पोतं कसलं गं आणतेस? तुझ्या वाट्याच्या चारोळ्या मीच दरवर्षी पानावर काढून ठेवते. तू हात रिकामेच आण, म्हणजे मला ते धरता येतील."

त्या दिवसापासून खार रोज संध्याकाळी काठावर बसते. मोहाचा वास येतो. दूर पाण्यात काही काळं दिसलं, की ती उठून उभी राहते. बहुतेक वेळा तो ओंडका असतो.

तात्पर्य : टोपल्या किती ते नंतर मोजावं, आधी फांदी बघावी, आणि जिथं आपली वाट पाहिली जाते, तिथं रिकाम्या हातानं का होईना, वेळेवर निघावं.